साठीतले सुवर्ण : ब्रिजपटूच्या कारकिर्दीचे गणित

१ सप्टेंबर २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने दोन सुवर्णपदके जिंकली. एक मुष्टियोद्धा अमित पंघालने, वयाच्या २२व्या वर्षी. दुसरे ब्रिजमधील पुरुष दुहेरीत, प्रणब बर्धन आणि शिवनाथ डे सरकार या जोडीने. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते, सरकार ५६ वर्षांचे. त्यांचे गुण होते ३८४, तर रौप्यपदक मिळवणाऱ्या चिनी जोडीचे ३७८. फरक अवघ्या ६ गुणांचा, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास.

६० हा आकडा ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या नोकरदाराला चांगला ओळखीचा आहे. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना ५८व्या वर्षी निरोपाचा नारळ मिळतो, बँकेत किंवा केंद्राच्या खात्यात ६०व्या. ज्या वयात आपल्याकडे ‘आता आराम करा’ असे सांगितले जाते, त्या वयात एक माणूस आशियाचा विजेता झाला. हा योगायोग होता की या खेळाचे गणितच तसे आहे? आकडे सांगतात की गणितच तसे आहे. ते समजून घेतले तर मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात ब्रिज का रुजायला हवा, हेही कळते.

कारकीर्द किती वर्षांची?

सचिन तेंडुलकरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द १९८९ ते २०१३ अशी २४ वर्षांची. क्रिकेटमध्ये ती अचाट मानली जाते. आता मुंबईचे जग्गी शिवदासानी पाहा. १९८७ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेतली स्पिनगोल्ड ही अत्यंत प्रतिष्ठेची सांघिक स्पर्धा जिंकली. २०१८ मध्ये जकार्तात कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय पुरुष संघात ते होते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातही ते होते. पहिल्या मोठ्या विजेतेपदापासून या रौप्यपदकापर्यंतचे अंतर ३६ वर्षांचे आहे.

हे उदाहरण एकटे नाही. जकार्तात मिश्र संघाचे कांस्यपदक मिळवणाऱ्या मुंबईच्या हेमा देवरा तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. त्याच स्पर्धेत भारताकडून खेळलेल्या रीटा चोक्सी ७९ वर्षांच्या होत्या, तर फिलिपिन्सचे काँग ते यांग ८५ वर्षांचे. २०२२ मध्ये इटलीतल्या साल्सोमाजोरे इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या ज्येष्ठ संघाने रौप्यपदक पटकावले. इटलीच्या जॉर्जो बेलाडोना यांनी १९५७ ते १९७५ या काळात बर्म्युडा बोल हा जागतिक करंडक तब्बल १३ वेळा जिंकला.

धावण्यात विशी-पंचविशीनंतर पाय साथ सोडू लागतात, बॅडमिंटनमध्ये तिशीनंतर गुडघे. ब्रिजमध्ये कामाला येतात स्मरण, मोजणी आणि भिडूबरोबरची समज. पहिल्या दोन गोष्टींची धार उतारवयात थोडी कमी होते. तिसरी मात्र वर्षागणिक वाढत जाते आणि बराच काळ ती घट भरून काढते.

नशिबाचा वाटा काढून टाकला की

पत्त्यांच्या खेळात नशीब असणारच, हा सर्वसाधारण समज. म्हणून आधी पत्त्यांचाच हिशेब पाहू. ५२ पत्त्यांतून १३ पत्त्यांचा एक हात ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० प्रकारे येऊ शकतो. चौघांच्या वाटपाचे एकूण प्रकार धरले तर संख्या २९ आकडी होते. एखादा खेळाडू रोज २४ डाव या वेगाने सलग ५० वर्षे खेळला तरी त्याचे ४,३८,००० डाव होतील. म्हणजे एका हाताच्या शक्यतांपैकी साडेचौदा लाखांतली एक शक्यता त्याने पाहिलेली असेल. पाठांतरावर हा खेळ जिंकता येत नाही. प्रत्येक डाव नवा, आणि विचारही नव्याने करावा लागतो.

मग नशिबाचे काय? स्पर्धात्मक ब्रिजने त्याचा बंदोबस्त फार सुरेख केला आहे. प्रत्येक डावाचे पत्ते एका खोक्यात, म्हणजे ‘बोर्ड’मध्ये, चार कप्प्यांत ठेवलेले असतात. खेळ झाला की ज्याचे पत्ते त्याच्या कप्प्यात परत जातात आणि तो बोर्ड पुढच्या टेबलावर जातो. सांघिक सामन्यात एका टेबलावर तुमच्या संघाचे दोघे उत्तर-दक्षिण बसतात, दुसऱ्या टेबलावर तुमचेच दुसरे दोघे पूर्व-पश्चिम. दोन्हीकडे तेच पत्ते. तुम्हाला इथे भिकार पत्ते आले, तर तिथे तेच भिकार पत्ते प्रतिस्पर्ध्यांच्या हातात असतात. त्याच पत्त्यांवर कोणी जास्त कमावले आणि कोणी कमी गमावले, एवढाच फरक मोजला जातो.

हा फरक ‘आयएमपी’ नावाच्या गुणांत बदलतात. २० ते ४० गुणांच्या फरकाला १ आयएमपी, २२० ते २६० ला ६, ६०० ते ७४० ला १२, आणि कितीही मोठा फरक असला तरी जास्तीत जास्त २४. त्यामुळे एका डावाच्या जोरावर सामना सहसा खिशात घालता येत नाही. हांगझोऊच्या अंतिम सामन्यात भारत हाँगकाँगकडून १५२ विरुद्ध २३८.१ असा हरला. हा ८६ गुणांचा फरक म्हणजे बारा-बारा गुणांचे साधारण सात डाव.

एक डाव जवळून

असा एक बारा गुणांचा डाव कसा घडतो, ते पाहू. तुम्ही ‘तीन नो ट्रम्प’ बोलला आहात. म्हणजे हुकूम नाही, आणि १३ पैकी ९ हात घ्यायचे आहेत. प्रतिस्पर्ध्याने बदामाची उतारी केली. तुमचा बदाम एक्का त्यात खर्ची पडला, आणि आता त्यांच्याकडे बदामाचे चार हात तयार आहेत. डाव त्यांच्या हाती गेला की ते चारही वसूल करणार.

तुमचे पक्के हात मोजा. बदाम एक्क्याचा १, किलवरचे एक्का-राजा-राणी मिळून ३, चौकटचे एक्का-राजा-राणी मिळून ३ आणि इस्पिक एक्क्याचा १. झाले ८. नववा कुठून आणायचा?

वाटा दोन आहेत. समोर टेबलावर उघड्या असलेल्या भिडूच्या पत्त्यांत, म्हणजे डमीत, इस्पिकचे एक्का-राणी आहेत. हातातून इस्पिक खेळून राणी लावून पाहायची. राजा डाव्या प्रतिस्पर्ध्याकडे असेल तर राणीचा हात मिळतो, उजव्याकडे असेल तर डाव बुडतो. याला फिनेस म्हणतात. यशाची शक्यता ५० टक्के. दुसरी वाट चौकटची. डमीत एक्का-राजा-राणी-चव्वी आणि तुमच्या हातात तीन लहान पत्ते. बाहेर सहा चौकट उरतात. ते दोघांत ३-३ असे वाटलेले असतील, तर तिन्ही मोठे पत्ते खेळल्यावर चव्वीच राजाच्या तोऱ्यात नववा हात घेते. याची शक्यता ३५.५ टक्के.

नवखा खेळाडू आकडे पाहतो, ५० मोठा म्हणतो आणि आधी फिनेस घेतो. ती चुकली की इस्पिक राजा आणि बदामाचे चार असे पाच हात प्रतिस्पर्ध्यांचे, आणि डाव संपला. मुरलेला खेळाडू आधी चौकटचे तीन पत्ते वाजवतो. ३-३ निघाले तर काम झाले. नाही निघाले तरी त्याचे काही बिघडत नाही. किलवर एक्क्याने तो हातात येतो आणि मग फिनेस घेतो. त्याची एकूण शक्यता: ३५.५ अधिक उरलेल्या ६४.५ चा निम्मा, म्हणजे सुमारे ६८ टक्के.

पत्ते तेच, बोली तीच. फक्त क्रम बदलला आणि ५० चे ६८ झाले. डाव ‘व्हल्नरेबल’ असेल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढीव असतील, तर जिंकणाऱ्याला ६०० गुण मिळतात आणि बुडणाऱ्याला १०० चा दंड बसतो. फरक ७००, म्हणजे १२ आयएमपी. पण हा फरक पडतो तो शंभरातल्या साधारण १८ वेळाच. उरलेल्या वेळी दोन्ही टेबलांवर निकाल जवळपास सारखाच लागतो. म्हणजे एका डावाची सरासरी कमाई फक्त २ आयएमपीच्या आसपास. एका संध्याकाळी ती दिसणारही नाही. हजार डावांत मात्र ती लपत नाही. ब्रिजपटूची कारकीर्द अशा बारीक फरकांच्या बेरजेतून उभी राहते.

पाठ असावेत असे आकडे

प्रत्येक गंभीर खेळाडूला पाढ्यांसारखे येणारे काही आकडे असे:

- बाहेर ४ पत्ते असतील तर: ३-१ वाटणी ४९.७ टक्के, २-२ वाटणी ४०.७ टक्के, ४-० वाटणी ९.६ टक्के.
- बाहेर ५ पत्ते असतील तर: ३-२ वाटणी ६७.८ टक्के, ४-१ वाटणी २८.३ टक्के, ५-० वाटणी ३.९ टक्के.
- बाहेर ६ पत्ते असतील तर: ४-२ वाटणी ४८.४ टक्के, ३-३ वाटणी ३५.५ टक्के, ५-१ वाटणी १४.५ टक्के.

यात एक खाचखळगा आहे. विषम संख्येचे पत्ते शक्य तितके समान वाटले जातात, सम संख्येचे मात्र बहुधा वाकडे. सहा पत्ते ३-३ पडतील असे मन सांगते, आकडे ४-२ कडे बोट दाखवतात. अनुभवी खेळाडू मनापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवतो.

धाडसाचाही असाच हिशेब असतो. सांघिक सामन्यात व्हल्नरेबल असताना तीन नो ट्रम्प बोलून ते झाले, तर खालच्या बोलीवर थांबलेल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा १० आयएमपी जास्त मिळतात. एका हाताने बुडाले तर ६ जातात. १६ पैकी ६, म्हणजे ३७.५ टक्क्यांहून जास्त शक्यता असेल तर बोलणेच फायद्याचे. म्हणजे ४० टक्क्यांचा डाव सोडून देणारा खेळाडू सावध ठरत नाही. तो दीर्घकाळात तोट्यात जातो. आयुष्यभर मुदत ठेवींच्या आधाराने राहिलेल्या मध्यमवर्गीय मनाला हा धडा जड जातो, पण टेबलावर तो गिरवावाच लागतो.

पंधरा शब्दांची भाषा

ब्रिजमध्ये पत्ते खेळण्याआधी बोली लागते. बोलण्यासाठी शब्द मोजून १५: एक ते सात हे अंक, चार रंग आणि नो ट्रम्प, शिवाय पास, डबल आणि रीडबल. त्यातून ३५ बोली आणि ३ इशारे, अशी ३८ वाक्ये तयार होतात. एवढ्यावर भिडूला सांगायचे की माझ्याकडे काय आहे, आणि त्याच्याकडे काय आहे ते ओळखायचे. ताकद मोजायला एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ अशी पद्धत आहे. पूर्ण जोडात ४० गुण, प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०. दोघांचे मिळून २५ झाले की मोठ्या बक्षिसाचा ‘गेम’ बोलावा, ३३ झाले की १२ हातांचा छोटा स्लॅम, ३७ झाले की तेराही हातांचा मोठा स्लॅम.

नियम असा की प्रत्येक बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांनाही कळला पाहिजे. भुवई उंचावणे, सुस्कारा टाकणे, पत्ता जोरात आपटणे हे सगळे निषिद्ध. मोठ्या स्पर्धांत तर टेबलाच्या मध्ये तिरका पडदा लावतात, भिडूला भिडूचा चेहराही दिसत नाही. बोली तोंडाने न बोलता छापील पत्त्यांनी मांडतात. चेहरा आणि आवाज दोन्ही वजा झाले की उरतो तो विश्वास. जोडी जमायला वर्षे लागतात ती यासाठी.

डोंबिवली लोकलमधले तास

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. डोंबिवलीच्या नोकरदाराचा जाऊन-येऊन ९६ किलोमीटरचा प्रवास, वर्षाला २७० दिवस आणि ३० वर्षे नोकरी धरली तर ७,७७,६०० किलोमीटर होतो. चंद्रावर जाऊन परत येण्याएवढा. रोजचे सव्वादोन तास धरले तर १८,२२५ तास.

या तासांत लोकांनी काय केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी भजने म्हटली, कोणी भाजी निवडली, आणि कितीतरी जणांनी चार गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते मांडले. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले चार भिडू. ठाण्याला एक उतरला तर त्याचे पत्ते उभ्या असलेल्याने घ्यायचे. स्पर्धेतल्या ब्रिजला एका डावाला सात-आठ मिनिटे लागतात. वरच्या तासांपैकी पाव वेळ जरी त्यात गेला, तरी ३६,००० हून अधिक डाव होतात. एखाद्या क्लबातल्या नियमित खेळाडूलाही हेवा वाटावा असा हा सराव.

शिवाय आपल्या घराघरांत मेंढीकोट आहे. चार खेळाडू, दोन जोड्या, प्रत्येकी १३ पत्ते, आलेल्या रंगाचाच पत्ता टाकण्याचा नियम, हुकुमाने कापणे, गेलेले पत्ते लक्षात ठेवणे, समोर बसलेल्या भिडूची चाल ओळखणे. ब्रिजचा सांगाडा हाच आहे. मेंढ्या गोळा करण्याऐवजी हात मोजायचे, आणि किती हात होतील ते आधी बोलून दाखवायचे, एवढीच भर. मेंढीकोट येणाऱ्याला ब्रिजचे नियम एका संध्याकाळी कळतात. बोलीची भाषा अंगवळणी पडायला मात्र काही महिने द्यावे लागतात.

माणसांची संख्या पाहा. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक. दोन्ही मिळून सुमारे ३१ लाख. देशात तेव्हा साठीपुढची माणसे साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच प्रमाणाने इथे अडीच लाखांहून अधिक ज्येष्ठ नागरिक होतात. त्यांतल्या हजारात एकाने ब्रिज शिकायचे ठरवले तरी अडीचशे खेळाडू, म्हणजे साठहून अधिक टेबले.

जुगाराचा शिक्का

मग अडते कुठे? पहिली अडचण मनातली आहे. गोकुळाष्टमीच्या रात्री पत्ते चालतात. एरवी ‘पत्ते कुटत बसलाय’ हे वाक्य वाया गेलेल्या माणसासाठीच वापरले जाते. कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकाली काढला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचे १३वे कलम केवळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून वगळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीच्या खटल्यात निकाल देताना रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्यातला नशिबाचा भाग ब्रिजच्या पत्तेवाटपातल्या नशिबासारखाच असल्याचे म्हटले. स्पर्धात्मक ब्रिज तर आणखी पुढे गेला आहे. तिथे सर्वांना तेच पत्ते मिळतात, त्यामुळे वाटपातल्या नशिबाचा फायदा कोणा एकालाच होत नाही.

दुसरी अडचण वयाची, आणि ती खरी आहे. साठीत सुवर्ण मिळते ही या खेळाची ताकद आहे. फक्त साठीतलेच खेळत राहिले तर तीच त्याची कमजोरी ठरेल. अमेरिकेतल्या ब्रिज संघटनेच्या सदस्यांचे सरासरी वय सत्तरीच्या पुढे गेले आहे. तिथे वॉरन बफे आणि बिल गेट्स यांनी २००५ मध्ये शाळांत ब्रिज शिकवण्यासाठी १० लाख डॉलर देऊ केले, ते याच काळजीने. शक्यतांचे गणित शाळेत नाण्या-फाशांवर शिकवले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. ५० चे ६८ कसे झाले, हे मात्र टेबलावर शिकलेला मुलगा विसरत नाही.

ज्येष्ठांसाठीही एक आकडा महत्त्वाचा आहे. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी पाच वर्षांच्या पाहणीत त्यांतल्या १२४ जणांना स्मृतिभ्रंश झाला. वाचन, वाद्यवादन, बैठे खेळ अशा गोष्टींत रमणाऱ्यांत हे प्रमाण कमी आढळले. यावरून पत्ते हे औषध आहे असे म्हणता येणार नाही, कारण तल्लख माणसेच अशा खेळांकडे जास्त वळत असतील, हीही शक्यता आहे. पण आठवड्यातून दोनदा चार माणसे एकत्र येतात, तीन तास डोके चालवतात, हसतात, वाद घालतात. एकट्याने टीव्हीसमोर बसण्यापेक्षा हे चांगले, हे सांगायला अभ्यासाचीही गरज नाही.

सोळा माणसे पुरेत

खर्चाचे आकडे फार लहान आहेत. एका टेबलाला चार माणसे आणि पत्त्यांचा एक जोड. सांघिक सामन्याला आठ माणसे आणि दोन खोल्या. चार टेबलांची, सोळा जणांची नियमित स्पर्धा कुठल्याही सोसायटीच्या सभागृहात होऊ शकते. घरी सराव करायचा तर ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर कुठल्याही वेळी, जगभरातल्या खेळाडूंबरोबर खेळता येते.

संस्था उभ्या करणे या शहरांना नवे नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीने सुरू केली आणि महाराष्ट्राने उचलली. ज्येष्ठ नागरिक संघांनी, वाचनालयांनी आणि शाळांनी आठवड्याची एक संध्याकाळ ब्रिजसाठी राखून ठेवावी, आणि त्या टेबलावर आजोबांसमोर भिडू म्हणून नववीतली नात बसवावी. साठीला टेकलेल्या माणसाच्या हाती सरासरीने आणखी १८ वर्षे असतात. बेलाडोना यांनी पहिले आणि शेवटचे जागतिक विजेतेपद जिंकले, त्यामध्ये १८ वर्षांचेच अंतर होते. मेंढीकोट येत असेल, तर तुमची निम्मी तयारी झालेली आहे. तीन भिडू शोधा आणि याच आठवड्यात पहिला डाव वाटा.